गुडघ्याचा एमआरआय आणि टळलेलं ऑपरेशन - माझा अनुभव

मी ४६ वर्षांचा, सोलापुरात रोज सकाळी बॅडमिंटन खेळतो. उन्हाळ्यात उजवा गुडघा आतल्या बाजूनं दुखायला लागला, पडलो नाही, मुरगळला नाही, नुसतं मांडी घालून बसलं की उठताना कळ यायची. पहिल्या डॉक्टरांनी गुडघ्याला हात लावायच्या आधीच एमआरआय लिहून दिला. रिपोर्टमध्ये मेनिस्कस टिअर, म्हणजे गादी फाटलेली. लगेच पुढच्या आठवड्यातली दुर्बिणीच्या ऑपरेशनची तारीख, मेडिक्लेममध्ये बसतं हेपण सांगून टाकलं. बायको रिपोर्ट वाचूनच घाबरली.

मी तारीख पक्की केली नाही, सात रस्त्याकडं दुसऱ्या हाडांच्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी फिल्म बाजूला ठेवली आणि आधी मला उकिडवं बसवलं, गुडघा वळवून दाबून बघितला, विचारलं मधेच अडकतो का, पाय पूर्ण सरळ होतो का, सूज येते का. अडकणं नाही, सूज नाही, पाय सरळ होतो. म्हणले, "अहो, चाळिशीनंतर न दुखणाऱ्या गुडघ्यातपण हे दिसतं. दुखणं ह्यामुळंच आहे हे फिल्म सांगत नाही."

घरी येऊन मी शोधत बसलो. अमेरिकेत फ्रॅमिंगहॅममधल्या ९९१ लोकांचे गुडघे स्कॅन केलेले, २००८ साली छापून आलं, ज्यांची गादी फाटलेली निघाली त्यातल्या ६१ टक्के लोकांना मागच्या महिन्याभरात काही दुखलंच नव्हतं! आणि २०१३ चा फिनलंडचा अभ्यास तर प्रत्येकानं वाचावा असा आहे, १४६ पेशंट, साधारण निम्म्यांची फाटलेली गादी खरंच कापली, बाकीच्यांना दुर्बीण घालून फक्त कापल्यासारखं केलं, पेशंटला कळूच दिलं नाही, आणि वर्षभरानं दोन्हीकडं आराम सारखाच. वर कापलेली गादी काही परत येत नाही.

हे सगळं वयानं झिजून फाटलेल्या गादीचं बरं का. खो-खो कबड्डीत वळताना कट्कन आवाज येऊन गुडघा टम्म सुजला किंवा लॉक झाला तर ते वेगळं, तिथं घरी थांबू नका, लगेच दाखवा.

मला फिजिओ मॅडमनी मांडीचे व्यायाम दिले, पाय सरळ उचलणं, भिंतीला टेकून बसणं, हळूहळू वजन वाढवत. फार कंटाळवाणं, पहिले काही आठवडे फरकच नाही, मग जिना उतरताना जाणवायला लागला. आता डबल्स खेळतो, पंगतीत जास्त वेळ बसलं की कळ येते अजून. आमच्या कोर्टवर कोणाला ऑपरेशनची तारीख मिळाली की मी आधी विचारतो, डॉक्टरांनी गुडघा हातानं तपासला का, आणि नसेल तर दुसरीकडं दाखवायला स्वतः सोबत जातो.