खनिजाच्या ट्रकापासून छप्पर उतरवलेल्या गाडीपर्यंत : आमची वाटचाल

आमचं काचेचं दुकान खनिजाच्या ट्रकांवर उभं राहिलं. गोव्याला १९८७ साली घटक राज्याचा दर्जा मिळाला, त्या सुमारास बाबांनी उसगावात तिस्कच्या बाजूला पत्र्याची शेड घातली. पुढ्यातून दिवसभर टिपर धावायचे, खाणीवरून जेटीकडे भरलेले आणि परतीला रिकामे. पुढच्या ट्रकातून एखादा खडा उडाला की मागच्याच्या काचेवर चांदणी उमटलीच. ट्रकवाल्याचं पोट खेपांवर, त्यामुळे काच त्याला उभ्या उभ्या बदलून हवी असे.

त्या काचा सपाट असायच्या, म्हणून आम्ही त्या दुकानातच कापत असू. लॅमिनेटेड काच म्हणजे दोन काचा आणि मध्ये पीव्हीबी नावाच्या प्लास्टिकचा चिकट पडदा, साधारण ०.७६ मिलिमीटर जाडीचा. वरच्या काचेवर हिऱ्याची रेघ मारायची, तक्ता उलटवायचा आणि बरोबर त्याच रेषेवर दुसऱ्या बाजूनेही रेघ मारायची. मग खालून हलके ठोके देत दोन्हीकडचा तडा पळवायचा. पडदा तरीही धरून असतो. फटीत थोडं स्पिरिट सोडून पेटवलं की तो मऊ होतो, दोन्ही तुकडे किंचित ओढायचे आणि मधून पातं फिरवायचं. दोन रेघा एकमेकींपासून थोड्या जरी सरकल्या तरी कड पायरीसारखी होते. बाबा त्या कडेवरून बोट फिरवून माल पास करायचे. मी आणि धाकटा भाऊ हेच बघत मोठे झालो.

२०१२ साली खाणी बंद झाल्या. ट्रक ताडपत्री घालून अंगणात उभे राहिले, त्यांच्या चाकांखाली गवत उगवलं आणि आमच्या गल्ल्यात काही येईना. मधे काम थोडं सुरू झालं, पण सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर २०१८ च्या मार्चमध्ये ते पुन्हा थांबलं. दुकान चालवायचं म्हणून आम्ही घरकामाच्या काचा घेतल्या: दारं, आरसे, हॉटेलांची पार्टिशनं. काचेवर नक्षी काढण्यासाठी सँडब्लास्टिंगचं यंत्र आणलं. कॉम्प्रेसरच्या हवेवर बारीक दाणा मारायचा आणि उघडी ठेवलेली काच तेवढीच खरवडायची. देवघराच्या दारांवर मोर आणि कमळं काढण्यासाठी आणलेलं हे यंत्र पुढे भलत्याच कामाला आलं.

त्याच काळात जुन्या गाड्यांचे मालक येऊ लागले. १९६१ पूर्वी गोव्यात परदेशी गाड्या थेट उतरत, त्यांपैकी काही अजून जुन्या घरांच्या पडव्यांत जपलेल्या आहेत. जीप किंवा पुढची काच मधोमध दोन भागांत असलेल्या जुन्या मोटारी आम्हाला जड नव्हत्या, कारण काच सपाट. वळणाची काच मात्र आम्ही तयार आणून फक्त बसवत असू. वळणाची काच कापायला सुरुवात केली ती एका ॲम्बेसेडरमुळे.

पेडण्याच्या एका हौशी तरुणाने ॲम्बेसेडरचे छप्पर पेलणारे खांब कापून छप्पर तीन इंच खाली उतरवून घेतलं होतं. ही तऱ्हा मूळ कॅलिफोर्नियाची. तिथल्या कोरड्या तलावांच्या सपाटीवर गाड्या पळवणाऱ्या पोरांनी वारा कमी अडावा म्हणून छप्परं खाली घेतली, आणि पुढे त्याची एक शैलीच झाली. बॅरिस बंधूंच्या गॅरेजात १९५२ साली तयार झालेली ‘हिरोहाता मर्क’, म्हणजे १९५१ ची मर्क्युरी, ही तिच्यातली फार नावाजलेली गाडी. पेडण्याच्या त्या पोराने तिचे फोटो बघून बघून हा घाट घातला होता. पत्र्याचं काम झालं, रंगाआधीचा प्रायमर चढला आणि मग काचेची आठवण झाली. आमच्याकडे गाडी आली तेव्हा पुढे ॲक्रिलिकचा, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकचा, तक्ता स्क्रूने ठोकलेला होता.

तो आम्ही पहिल्यांदा उतरवला. ॲक्रिलिकवर वायपर चार पावसाळी दिवस फिरला की ओरखडे पडतात, आणि रात्री समोरून दिवे आले की सगळं पांढरं दिसतं. पॉलिकार्बोनेट हे दुसरं प्लास्टिक सहज फुटत नाही, पण ओरखडे त्यालाही पडतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १०० पुढच्या काचेला लॅमिनेटेड काचच मागतो, आणि तिच्यातून किमान ७० टक्के प्रकाश आत आला पाहिजे, असंही सांगतो. नियम नसता तरी आम्ही दुसरं काही बसवलं नसतं. डोकं आदळलं तरी लॅमिनेटेड काच फुटून पडद्याला चिकटून राहते. ज्याच्या चेहऱ्यासमोर ही वस्तू असणार त्याच्या घरी कोणीतरी वाट बघत असतं.

“भाऊ, मूळची काच आहे माझ्याकडे. वरून तीन इंच कापून द्या, झालं,” तो तरुण म्हणाला. तीन इंचांचा हिशेब इथेच चुकतो. छप्पर उभ्या रेषेत तीन इंच खाली येतं, पण काच तिरकी असते. ती उभ्या रेषेपासून ३५ अंश मागे झुकलेली धरली, तर तिच्या अंगावर मोजताना हेच अंतर साडेतीन इंचांच्या वर जातं. शिवाय पुढचे खांब वर जाताना मागे आणि आत झुकतात. त्यामुळे छप्पर सरळ खाली आणलं की खांबांचे वरचे आणि खालचे तुकडे एकमेकांसमोर येतच नाहीत. ते जुळवायला पत्रेवाला कुठे खांब वाकवतो, कुठे छप्पर लांबवतो. म्हणजे काचेचं भोक नुसतं बुटकं होत नाही, त्याचा आकारही बदलतो.

आम्ही कोपऱ्याकोपऱ्यांतून दोन दोऱ्या ताणल्या, फुली मारल्यासारख्या. चौकट पिळलेली नसेल तर दोऱ्या मध्यावर एकमेकींना जेमतेम टेकतात. इथे दोघींमधून माझं बोट आरपार जात होतं. वेल्डिंगच्या उष्णतेने डावा खांब ओढला गेला होता. अशा चौकटीत काच बसवली तर बसते, पण ती कायम ताणाखाली राहते. मग एखाद्या खड्ड्यात, किंवा तापलेल्या काचेवर पावसाची पहिली सर आली की, कोपऱ्यातून तडा निघतो आणि मालक म्हणतो काचच खराब होती. आम्ही गाडी परत पत्रेवाल्याकडे पाठवली. तो चिडला. भाऊ दोऱ्या घेऊन त्याच्या गॅरेजवर गेला, त्याला त्याच्याच हाताने त्या ताणायला लावल्या, आणि त्यानंतर तो माणूस मन लावून कामाला लागला. दोऱ्या मध्यावर टेकेपर्यंत त्याने चौकट सोडली नाही.

मधल्या काळात आम्ही भंगारातून तडकलेल्या वळणाच्या काचा आणून हात बसवून घेतला. हिऱ्याची रेघ वळणावर भरवशाची नाही. काच तापवून वाकवताना तिच्यात ताण राहून जातो, आणि तडा रेघ सोडून स्वतःच्या वाटेने पळतो. तेव्हा नक्षीचं यंत्र आठवलं. दाण्याने काच झिजते, तडकवावी लागत नाही.

त्या गाडीसाठी आम्ही नवी काच घेतली, कारण जुन्या काचेच्या कडा दुधाळ झाल्या होत्या. आपल्या दमट हवेत कडेतून ओल शिरली की पडदा असाच पांढुरका होतो. अख्खी काच चौकटीवर बाहेरून टेकवली, भावाने आतून पत्र्याच्या कडेबरोबर रेघ ओढली. त्या रेघेपासून काच आणि पत्रा यांच्यामध्ये येणाऱ्या रबराच्या भिंतीची जाडी आणि थोडी मोकळीक सोडून दुसरी रेघ आखली. काचेला पत्रा कुठेही लागता कामा नये, हे यातलं सगळ्यात मोठं पथ्य. मग दोन्ही अंगांना जाड रबरी चिकटपट्टी लावून फक्त कापायची रेषा उघडी ठेवली. दाणा एका जागी खोल मारायचा नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश हात फिरवत थराथराने खाली जायचं. पडदा लागला की थांबायचं, काच उलटवायची, पुन्हा तेच. शेवटी पातं फिरवून वरची पट्टी अलगद उचलली. ती पट्टी अजून शेडच्या भिंतीला लावून ठेवली आहे, शिकाऊ पोरांना दाखवायला.

कापलेली कड मूळ कडेइतकी मजबूत नसते, म्हणून ती पाण्याखाली पट्ट्यावर घासून गोल केली. नखाएवढी कपची राहिली तरी तडा तिथूनच निघतो. काच वरूनच कापल्यामुळे खालच्या कोपऱ्यातला आयएसआयचा शिक्का शाबूत राहिला. पण तो कारखान्यातून आलेल्या काचेचा शिक्का आहे. आम्ही कापल्यानंतर तिची चाचणी झालेली नाही, हे गिऱ्हाइकाला बिलावर लिहून दिलं. आजही देतो.

बसवताना काचेभोवती रबर चढवलं, त्याच्या खाचेत दोरी फिरवली, साबणाचं पाणी लावलं. भाऊ बाहेरून तळहातांनी दाबत होता, मी आतून दोरी ओढत होतो आणि रबराचा ओठ इंचाइंचाने पत्र्यावर येत गेला. बाबा खुर्ची घेऊन समोर बसले होते. कोपरा बसला तेव्हा उठून त्यांनी कडेवरून बोट फिरवलं. नंतर पाइपाने पाणी मारून बघितलं, आत थेंब आला नाही.

कायद्याची बाजू प्रत्येकाला आधीच सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे नोंदणीतला तपशील कारखान्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असे बदल करून गाडी रस्त्यावर चालवता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली हेच ठामपणे सांगितलं आहे. पेडण्याची ती गाडी मालकाच्या आवारात असते आणि प्रदर्शनाला जाते ती दुसऱ्या वाहनावर लादून.

आता सावंतवाडी, बेळगाव, कोल्हापूरकडूनही विचारणा होते. वळण फार असेल किंवा तयार काच मिळत नसेल तर आम्ही कापायच्या भानगडीत पडत नाही. चौकटीवरून लोखंडी सळ्यांचा साचा बनवतो आणि गोव्याबाहेरच्या कारखान्याकडे पाठवतो. तिथे भट्टीत सहाशे अंशांच्या वर काच मऊ होऊन स्वतःच्या वजनाने साच्यात बसते, मग पडदा घालून दोन्ही काचा दाबाखाली एकजीव करतात. खर्च बराच येतो आणि थांबावंही लागतं, पण कड कारखान्याची मिळते.

फोन आला की आम्ही पहिल्यांदा विचारतो, छप्पर कापलंय का? नाही म्हणाले तर पत्रेवाल्यालाच फोनवर घेतो. काच कोणती मिळते, किती वळणाची, कुठून कापता येईल हे आधी ठरवतो, आणि त्या मापाने खांब कुठे कापायचे ते त्याला सांगतो.