वन्सं मोठ्या की वहिनी?

1 जूनला आमच्या घरातल्या निम्म्या वडीलधाऱ्यांचा वाढदिवस असतो आणि त्यातला एकही खरा नसतो. सकाळपासून मोबाईलवर केकची चित्रं येतात, बँकेचा शुभेच्छा संदेश येतो, विम्यावाल्यांचा येतो. आत्या ते सगळं चष्मा लावून वाचते आणि म्हणते, "बघ, आज परत जन्मले की मी." त्या काळी पोराला शाळेत घालायला नेलं की गुरुजी विचारायचे, जन्म कधीचा? बाप सांगायचा, "ज्वारी काढणीच्या टायमाला." शाळा जूनमध्ये उघडायची. त्या दिवशी पोराचं वय नियमात बसलं की काम भागायचं, म्हणून गुरुजी 1 जून लिहून मोकळे व्हायचे. त्यामुळे कागदावर आमच्यासारखं शिस्तीचं घराणं नाही. कुठल्याही दोन भावंडांत नेमकं पूर्ण वर्षांचं अंतर, एक दिवस इकडे नाही की तिकडे नाही. वजाबाकी तोंडी होते.

अडचण आत्या आणि काकूची आहे. काकू म्हणजे आत्याच्या थोरल्या भावाची बायको. नात्यानं काकू मोठी, म्हणून आत्या दर पाडव्याला वाकून नमस्कार करते आणि वाकता वाकता दरवर्षी सांगते, "मानानं करते हं वहिनी, वयानं मीच मोठी." काकू पाठीवर हात ठेवून म्हणते, "असू दे वन्सं, कागद बघा." कागद खरंच काकूच्या बाजूनं आहे. तिच्या दाखल्यावर 1 जून 1947, आत्याच्या दाखल्यावर 1 जून 1948. काकूच्या वडिलांना पोरगी लवकर शाळेत घालायची होती, आमच्या आजोबांना घाई नव्हती, एवढंच त्याचं कारण. त्या दिरंगाईचा फायदा आत्याला पुढे झाला. ती शिक्षिका होती. महिन्याच्या 1 तारखेला जन्मलेला सरकारी माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. म्हणून जिल्हा परिषदेच्या शाळांतून 31 मे म्हणजे शाल-श्रीफळांचा सुगीचा दिवस. आत्या 31 मे 2006 ला कागदावरची 58 पुरी करून घरी आली, तेव्हा खऱ्या वयानं तिला एकोणसाठावं वर्ष सरत आलं होतं. ते जादाचे महिने तिनं शिकवून फेडले, असं ती म्हणते.

खरा जन्म कुठला, हे शोधायला आजोबांची चोपडी कामी आली. आजोबा सोलापुरात मिलमध्ये होते. पगार, उसनवारी, लग्नातले आहेर, सगळं एकाच वहीत. त्यात एक ओळ सापडली: धोंड्याचा महिना, वद्य पक्ष, रविवार, रात्रीचा शेवटचा प्रहर, कन्या. पुढे सुइणीला दिलेले पैसे. इंग्रजी तारीख नाही, सालही नाही. पण आजी नेहमी सांगायची की तिरंगा लागला त्या दिवशी आत्याचं बारसं व्हायचं होतं. (तसा सोलापूरनं तो 1930 सालीच नगरपालिकेवर लावला होता आणि त्याच वर्षी मार्शल लॉही सोसला, पण आजीला म्हणायचा होता तो 1947 चा.)

आता तारीख शोधायची तर पंचांग हवं, आणि सोलापुरात पंचांगाला काय तोटा? दाते पंचांग इथलंच. अख्खा महाराष्ट्र ज्यात बघून मुहूर्त काढतो ते आमच्या गावात तयार होतं आणि आमच्याच घरात कोण मोठं ते ठरत नाही. शके 1869 मध्ये श्रावण अधिक, म्हणजे धोंड्याचा, होता. त्याचा वद्य पक्ष 1947 च्या ऑगस्टच्या सुरुवातीपासून स्वातंत्र्यदिनाच्या दुसऱ्या दिवसापर्यंत. त्यात रविवार दोनच, 3 आणि 10 ऑगस्ट. 3 तारखेचा जन्म असता तर बाराव्या दिवशी, म्हणजे झेंड्याच्या आदल्या दिवशीच बारसं उरकलं असतं. म्हणून 10 ऑगस्ट. मी वहीवर ठळक लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

माझा चुलतभाऊ अशा वेळी गप्प बसत नाही. तो म्हणाला, शेवटचा प्रहर ना? आजोबांचा वार सूर्योदयाला बदलायचा. रविवारच्या रात्रीचा शेवटचा प्रहर म्हणजे घड्याळानं सोमवारची पहाट, तारीख 11. पण ओळ आजोबांची असली तरी वार इंग्रजी हिशेबानं लिहिला असेल तर? मिलचा भोंगा घड्याळावर वाजायचा, चोपडीतला महिना मात्र धोंड्याचा. आजोबा दोन्हींत राहायचे. तो एक दिवस अजून सुटलेला नाही.

काकूचं सोपं आहे. ती संक्रांतीला जन्मली, सिद्धेश्वरची गड्डा जत्रा भरलेली असताना. तिच्या माहेरचे सगळे पुरुष सिद्धेश्वरच्या होमाला गेले होते आणि घरी फक्त बायका होत्या, हे ती अजूनही तक्रारीच्या सुरात सांगते, जणू स्वतः पाहिलंय. संक्रांत सूर्यावर चालते म्हणून तारीख फारशी हलत नाही. 1948 साली ती 14 जानेवारीला होती. (अलीकडे कधी कधी 15 ला येते, तेव्हा काकू दोन दिवस तिळगूळ घेते.)

म्हणजे 10 ऑगस्ट ते 14 जानेवारी. 5 महिने 4 दिवस, किंवा पहाट धरली तर 5 महिने 3 दिवस. पण महिना हे माप मला मुळातच पटत नाही. 30 जानेवारी आणि 1 मार्च यांच्यात किती अंतर? पुढे मोजा: एका महिन्यानं 30 फेब्रुवारी यायला हवी, ती नाही, म्हणून 28 ला थांबा, वर एक दिवस. 1 महिना 1 दिवस. मागे मोजा: 1 मार्चवरून 1 फेब्रुवारी, आणखी दोन दिवस मागे 30 जानेवारी. 1 महिना 2 दिवस. व्याजाचा हिशेब करणारा सावकार महिना तीस दिवसांचा धरणार, त्याच्या लेखी बरोबर 1 महिना. तिघंही बरोबर आणि तिघांचं उत्तर वेगळं. पंचांगकर्ते या फंदात पडत नाहीत. ते अहर्गण धरतात, एका ठरलेल्या दिवसापासून किती दिवस उलटले तो आकडा. नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी तर सोळाव्या शतकात हा आकडा फुगू नये म्हणून 11 वर्षांचं, 4016 दिवसांचं चक्रच बांधून दिलं. दोन अहर्गणांची वजाबाकी केली की महिन्यांचा प्रश्नच येत नाही. आत्या-काकूंचं उत्तर 157 दिवस. किंवा 156.

हे मी जेवताना जाहीर केलं. शेंगाचटणीची वाटी पुढे सारत काकूनं विचारलं, "शक कुठला दोघींचा?" मी पाहिलं. आत्या 1869, काकूही 1869, कारण पुढचा पाडवा यायला वेळ होता. "म्हणजे एका वर्षाच्याच की आम्ही," काकू म्हणाली. सन बघितला तर मात्र आत्या एका वर्षानं मोठी, 1947 आणि 1948. आकाशात तेच चंद्र-सूर्य, घरात त्याच दोघी, आणि अंतर कधी शून्य, कधी एक, कधी उलटं एक.

काकूला मग आणखी जोर चढला. अधिक श्रावणाचा वाढदिवस कधी येतो, तिनं विचारलं. खरंच, 1947 नंतर अधिक श्रावण आला तो 1958, 1966, 1977, 1985, 2004 आणि 2023 साली. 19 सौर वर्षांत 235 चांद्रमास जवळजवळ नेमके बसतात, म्हणून आत्याची तिथी एकोणीस वर्षांनी फिरून येते, मधे कधी एखादी जादाही. काकूनं बोटं मोजली. "सहाच वाढदिवस झाले की वो वन्सं तुमचे. तुम्हीच नमस्कार करायचा." आत्या हसली नाही. भाकरीचा तुकडा मोडून म्हणाली, "माझं गणित चंद्रानंच करा मग."

तेही करून पाहिलं. सहस्रचंद्रदर्शनाचा हिशेब साधा आहे, जन्मानंतरची पहिली पौर्णिमा एक धरायची आणि हजारपर्यंत जायचं. ऐंशी वर्षं आणि वर साधारण दहा महिने होतात. आत्याची पहिली पौर्णिमा 31 ऑगस्ट 1947 ची, हजारावी येते 7 जून 2028 ला, नेमकी वटपौर्णिमा. काकूची हजारावी त्याच वर्षी 2 नोव्हेंबरला, त्रिपुरी पौर्णिमेला. अंतर पाच पौर्णिमांचं. इथे पहाटेचा घोळ नाही, फेब्रुवारीचा नाही, गुरुजींचा नाही. मला हे उत्तर सगळ्यांत आवडलं, कारण त्याला दोन्ही बाजूंनी एकच आकडा येतो.

पोरांनी मात्र लगेच व्यवहार काढला. कार्यालयाचं भाडं, आचारी, बाहेरगावचे पाहुणे. दोन समारंभ कशाला, नोव्हेंबरात एकदमच करू, हवाही बरी असते. यावर काकू लगेच राजी. आत्या म्हणाली, "आणि ह्या पाच पौर्णिमा मी काय हिची वाट बघत बसू?"

"बसा की," काकू म्हणाली. "नाहीतरी कागदावर मीच मोठी."