कोल्यूरची लाल वाळू आणि साडीवाल्या काकू

मी युरोपचा टूर मॅनेजर, आणि बार्सिलोनाहून फ्रान्समध्ये शिरलं की आमच्या रूटवर कोल्यूर लागतं, समुद्राला खेटलेलं लहानसं गाव, चर्चचा टॉवर जवळजवळ पाण्यातच उभा, अँचोव्ही मासे खारवायचा जुना धंदा. 1905 च्या उन्हाळ्यात मातीस नावाचा फ्रेंच चित्रकार इथे आला, मागून त्याचा चित्रकार मित्र देरँ आला, दोघांनी जी चित्रं रंगवली ती त्याच वर्षी पॅरिसच्या प्रदर्शनात लागली आणि एका समीक्षकाने त्यांना रानटी जनावरं, फ्रेंचमध्ये 'फोव्ह', म्हटलं, तोच हा फोव्हिझम, भडक रंगांची चित्रशैली. आता गावात जिथे उभं राहून त्यांनी चित्रं काढली तिथे त्यांच्या प्रती लावल्यात.

त्या दिवशी त्रामोंतान म्हणजे तिकडचा उत्तरेचा वारा सुटलेला, आकाश नुसतं धुऊन काढल्यासारखं. ग्रुप देरँच्या होड्यांच्या चित्रापाशी थांबला. चित्रात वाळू लालभडक आणि समोर किनाऱ्यावर राखाडी गोटे, एकाने विचारलं प्रिंट बिघडलीय का हो? मी नेहमीचं सांगायला लागलो, तेवढ्यात एक काकू पुढे आल्या. आयुष्यभर साड्यांचं दुकान सांभाळलेल्या. त्यांनी दोन्ही तळव्यांनी चित्रातली लाल वाळू झाकली आणि म्हणाल्या, "आता पाणी बघा." पाणी एकदम मलूल! हात काढले तर तेच निळं-हिरवं पाणी उसळून वर आलं.

"पोपटी अंगाला राणी काठ दे, दोन्ही रंग उठतात. तोच पोपटी बदामीशेजारी ठेवलास तर मरतो. गिऱ्हाईक भांडतं, दाखवला वेगळा आणि दिला वेगळा म्हणून. अरे, रंग तोच असतो रे, शेजार बदललेला असतो."

माझ्या अंगावर काटा आला खरंच. कारण हे अगदी असंच घडलेलं आहे. पॅरिसच्या गोब्लँ विणकाम कारखान्यात शेव्रल नावाचे केमिस्ट रंगखात्याचे प्रमुख होते, त्यांच्याकडे तक्रार आली की काळा धागा फिका दिसतो, त्यांनी तपासलं तर डाय चांगला होता, शेजारच्या रंगांमुळे काळा धागा फिका वाटत होता. त्यातून त्यांनी 1839 ला रंगांच्या विरोधावर पुस्तक लिहिलं, ते सरा आणि सिन्याक या चित्रकारांपर्यंत पोचलं, आणि 1904 चा उन्हाळा मातीस सिन्याकजवळच सँ-त्रोपेला होता. हे सांगितलं तर काकू इतक्या खूश, "म्हणजे आमच्याच धंद्यातनं निघालं की सगळं!"

मग त्यांनीच सगळ्यांना समोरच्या भिंतीवरची सावली बघायला लावली, काळी आहे का सांगा म्हणे. नव्हती, चक्क निळी-जांभळी होती. देरँनेही इथून आपल्या चित्रकार मित्राला, व्लामँकला, पत्रात हेच लिहिलं होतं, की इथला उजेड सावलीलाच नाकारतो. चित्रात फटकाऱ्यांच्या मधे कॅनव्हास मोकळा सोडलाय हेही काकूंनीच दाखवलं, म्हणाल्या नाहीतर हे रंग एकमेकांना खातील. माझ्या मते गॅलरीतल्या कुठल्याही ऑडिओ गाईडपेक्षा हे भारी होतं, आणि मी बरेच ऐकलेत.

पुढे प्रत्येक प्रतीपाशी लोक हाताने एकेक रंग झाकून बघत होते, अगदी चित्रात इंटरेस्ट नसलेले काकासुद्धा, आईस्क्रीम राहिलं तरी कोणाची तक्रार नाही, ड्रायव्हरचे फोनवर फोन. ह्या स्टॉपला तासभर वाढवून द्या म्हणून मी ऑफिसला मेल केलाय, आणि मिळाला नाही तर दुसऱ्या दिवशीचं शॉपिंग कापून देईन पण हे बघायला वेळ देणार.