१६ चॅनेल आणि एक जॅमर: माझा अनुभव

पदव्युत्तर प्रकल्पासाठी मी लष्करी रेडिओ संदेशवहन जॅमिंगपुढे, म्हणजे मुद्दाम गोंगाट सोडून संदेश बुडवण्यापुढे, कसे टिकते हा विषय घेतला, तेव्हा फ्रिक्वेन्सी हॉपिंग (सतत एका चॅनेलवरून दुसऱ्यावर उडी मारत राहणे) वापरले की काम झाले, अशी माझी समजूत होती. अमेरिकी सैन्याचा सिंकगार्स रेडिओ संच ३० ते ८८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात २,३२० चॅनेलांवर उड्या मारू शकतो. मार्गदर्शकांनी मला मात्र मोजून १६ चॅनेल दिले आणि त्यांपैकी ४ चॅनेलांवर जोरदार गोंगाट ओतणारा जॅमर दिला. (अभिनेत्री हेडी लमार आणि संगीतकार जॉर्ज अँथील यांच्या फ्रिक्वेन्सी हॉपिंगवरील १९४२ च्या पेटंटातही ८८ वारंवारता होत्या, ही कुरकुर मी मनातच ठेवली.)

संगणकावरील पहिल्या चाचणीत १२.५ टक्के बिट चुकले. दर चौथी उडी जॅमरच्या तावडीत सापडत होती आणि तेथील निम्मे बिट केवळ योगायोगाने बरोबर येत होते, त्यामुळे प्रक्षेपणशक्ती दुप्पट करूनही आकडा हलला नाही.

मग मी रीड-सॉलोमन हा चुका दुरुस्त करणारा कोड घेतला, ज्यात ३१ चिन्हांचा (चिन्ह म्हणजे काही बिटांचा गट) एक शब्द होतो, त्यांपैकी १५ चिन्हे माहितीची असतात आणि शब्दामागे ८ चुका दुरुस्त होतात. प्रत्येक शब्द एकाच उडीत पाठवला तेव्हा २५ टक्के शब्द गेले. इंटरलीव्हिंग केले, म्हणजे प्रत्येक शब्दाची चिन्हे ३१ उड्यांत विखुरली, तर ३३ टक्के गेले! प्रोग्राममधील चूक शोधण्यात माझा आठवडा गेला. अखेर कागदावर हिशेब मांडला, तेव्हा दिसले की शब्दामागे सरासरी साडेसात चिन्हे चुकत होती आणि कोडची मर्यादा ८ ची होती. म्हणजे आधी काही शब्दांच्याच वाट्याला आलेले नुकसान मी सगळ्यांना वाटून प्रत्येकाला कड्यावर उभे केले होते.

मार्गदर्शकांनी आकडे पाहून एवढेच विचारले, "कोणती उडी वाया गेली, हे रिसीव्हरला कळते का?" त्यानंतर मी प्रत्येक उडीच्या आरंभी १६ ठरलेले बिट ठेवले आणि त्यांतील ३ हून अधिक चुकल्यास त्या उडीतील चिन्ह हरवले असे धरले. चूक कोठे आहे हे आधीच ठाऊक असेल, तर तोच कोड ८ ऐवजी १६ चिन्हे भरून काढतो, आणि त्यामुळे निकामी शब्दांचे प्रमाण दहा हजारांत चार-पाचवर आले. त्याची किंमत मात्र मोठी होती: पाठवलेल्या बिटांपैकी निम्म्याहून कमी बिट माहितीचे उरले, आणि सेकंदाला १०० उड्या धरल्या तर एक शब्द पूर्ण व्हायला ०.३१ सेकंद लागू लागले, जे लेखी संदेशाला चालते, पण बोलण्यात खटकते.

पाठलाग करणाऱ्या जॅमरचे प्रकरण मी शेवटी वगळले. १० मिलिसेकंदांच्या एका उडीत रेडिओलहर ३,००० किलोमीटर जाते, तेव्हा जवळच्या जॅमरला चॅनेल हेरून तेथे पोहोचायला भरपूर सवड मिळते, आणि माझी सारी रचना जॅमर चार चॅनेल सोडून हलत नाही या गृहीतकावर उभी होती. ते गृहीतक मी अहवालाच्या पहिल्याच पानावर लिहिले.