नंबर दोनची पर्डी

शस्त्र कायद्यात 2019 च्या डिसेंबरमध्ये दुरुस्ती झाली आणि एका परवानाधारकाला तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवता येतील असे ठरले. तिसरे शस्त्र वर्षभरात पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचे होते, त्यामुळे पुढचे काही महिने पुण्यातल्या आमच्या दुकानात बंदूक घ्यायला येणाऱ्यांपेक्षा बंदूक सोडायला येणारेच अधिक होते. बंदुकांची दुरुस्ती आणि विक्री हा आमचा पिढीजात व्यवसाय आहे. सातारा जिल्ह्यातले आबा आपल्या पुतण्यासह तीन शस्त्रे घेऊन आले ते याच काळात.

“यातली कोणती द्यायची ते तुम्हीच सांगा,” आबा म्हणाले, “पण पेटीतली सोडून. ती आजोबांना महाराजांनी दिलेली आहे.”

इशापूरची .315 रायफल आणि बर्मिंगहॅमची एक साधी दुनळी पाहायला फार वेळ लागला नाही. मग ओकच्या लाकडाची, चामड्याने मढवलेली, कोपऱ्यांना पितळ लावलेली पेटी उघडली. झाकणाच्या आत जेम्स पर्डी अँड सन्स या लंडनच्या बंदूककारांचे लेबल होते आणि आत एकच बंदूक असली, तरी खाचे दोन बंदुकांचे होते. नळ्यांमधल्या पट्टीवर सोन्यात भरलेला 2 हा आकडा पाहिल्यावर उलगडा झाला. इंग्लंडमध्ये हाकाऱ्यांनी उठवलेल्या पाखरांवर नेम धरणारे श्रीमंत शिकारी एकसारख्या दोन बंदुका बनवून घेत, म्हणजे एक हातात असताना मागे उभा असलेला मदतनीस दुसरी भरून ठेवी. आबांची बंदूक अशा जोडीतली दुसरी होती. पहिली कुठे गेली हे घरात कोणालाच माहीत नव्हते, कारण पहिली होती हेच कोणाला माहीत नव्हते.

बंदूक खरी पर्डी आहे याबद्दल ती एकदा उघडून मिटल्यावर मला शंका उरली नाही. ही बंदूक उघडताना जोर लागत नाही, कळ फिरवली की तिच्या कमानीतली, म्हणजे स्प्रिंगमधली, उरलेली ताकदच नळ्या खाली ढकलते; उलट मिटताना मात्र मनगटाला चांगला रेटा द्यावा लागतो, कारण त्या हालचालीत मुख्य कमानी पुन्हा दाबल्या जात असतात. फ्रेडरिक बीझली या लंडनच्या कारागिराने 1880 मध्ये या रचनेचे पेटंट घेतले आणि पर्डींनी ती त्याच्याकडून घेऊन आजतागायत चालवली. नळ्यांवर साउथ ऑडली स्ट्रीटचा पत्ता होता, म्हणजे कंपनीने ऑक्स्फर्ड स्ट्रीट सोडल्यानंतरची ही बंदूक. नळ्या ज्याच्या केल्या त्या व्हिटवर्थच्या दाबीव पोलादाचा उल्लेखही कोरलेला होता. नळ्या उतरवल्यावर खालच्या सपाट भागावर नळ्यांची मजबुती तपासणाऱ्या लंडनच्या चाचणीगृहाचे मुकुटाखालचे ‘जीपी’ आणि ‘व्ही’ हे ठसे दिसले आणि शेजारी चौकटीतला 12 हा नळीच्या मापाचा आकडा व ‘सी’. ही चौकट 1887 नंतरची. उलट 1954 नंतर इंग्लंडमध्ये बंदूक पुन्हा तपासली गेली असती, तर नळीचा व्यास इंचाच्या हजाराव्या भागापर्यंत आणि दाबाचा आकडा टनांत ठोकलेला असता. तसे काही नव्हते. नळ्यांची जाडी मोजली, ती 0.020 इंचाखाली कुठेही गेलेली नव्हती आणि इतक्या जुन्या बंदुकीत ही मोठीच भाग्याची गोष्ट आहे.

इथपर्यंत आबांच्या गोष्टीला धक्का लागलेला नव्हता. घरात सांगितले जाई ते असे, की आजोबांनी शिकारीत महाराजांचा जीव वाचवला म्हणून महाराजांनी लंडनला आजोबांची मापे पाठवून त्यांच्यासाठी ही बंदूक करवून घेतली. पर्डींकडे खरोखरच प्रत्येक बंदुकीची मापे वहीत नोंदली जातात. दस्त्याची लांबी, खालचा बाक आणि गालापाशी दस्ता डावी-उजवीकडे किती झुकवला आहे, हे सगळे त्या एका गिऱ्हाइकाच्या शरीरावरून ठरते, आणि म्हणूनच अशी बंदूक आपल्या पहिल्या धन्याविषयी पुष्कळ काही सांगते. या बंदुकीचा दस्ता आज उजव्या खांद्यासाठी झुकवलेला होता. त्याच्या टोकाला इंचभर जाडीचा शिसवी लाकडाचा तुकडा जोडलेला होता आणि मुठीपाशी गेलेल्या चिरेवर चांदीची तार इतकी घट्ट आणि नेटकी गुंडाळलेली होती, की ते काम करणाऱ्या आपल्याकडच्या अनाम कारागिराला मी मनोमन नमस्कार केला. शिसवी लंडनमध्ये लावलेली नसणार, हे उघड होते. मूळ दस्ता अक्रोडाचा होता.

खरी साक्ष दिली ती चापांनी. उजव्या हाताने बंदूक चालवणाऱ्याचे बोट उजवीकडून आत जाते, म्हणून त्याला कड लागू नये यासाठी चापाची उजवी कड गोल करतात. या बंदुकीच्या दोन्ही चापांची डावी कड गोल केलेली होती. दस्ता गरम तेलाने मऊ करून कोणालाही वाकवून घेता येतो, चापांकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. मी आबांना विचारले, “आजोबा डावखुरे होते का हो?”

“छे! फोटो आहे की घरात. उजव्या खांद्याला बंदूक लावून उभे आहेत.”

मग मी त्यांना चाप दाखवले आणि ही बंदूक ज्याच्यासाठी घडली तो माणूस डावखुरा होता, हे समजावून सांगितले. पुतण्याचा चेहरा उतरला. मूल्यांकनाच्या दाखल्यात संस्थानचे नाव यावे, कारण एका संग्राहकाने त्याच भरवशावर मोठी किंमत सांगितली आहे, असे तो म्हणाला. मी त्याला स्पष्ट सांगितले, की ज्या गोष्टीला बंदुकीवर किंवा कागदावर आधार नाही, ती माझ्या सहीखाली जाणार नाही. जुन्या बंदुकांच्या व्यवहारात राजेमहाराजांची नावे फार सहज चिकटवली जातात आणि अशा प्रत्येक खोट्या नावाखाली कोणातरी खऱ्या धन्याचे नाव पुसले जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आबा मात्र गप्प बसून ऐकत होते. त्यांनी पिशवीतून जुने परवाने काढले. या बाबतीत आपल्याकडचे कागद इंग्लंडपेक्षा बोलके आहेत, कारण तिथे 1968 पर्यंत अशा छऱ्याची काडतुसे उडवणाऱ्या बंदुकीसाठी पोलिसांचा दाखला लागतच नव्हता, तर इथे 1878 च्या कायद्याने हिंदी माणसाला परवाना सक्तीचा केला होता. युरोपियनांना मात्र त्या कायद्यातून दीर्घकाळ सूट होती, त्यामुळे एखाद्या साहेबाकडे इथे बंदूक किती वर्षे होती हे परवान्यांवरून कळत नाही. आजोबांचा परवाना 1930 नंतरच्या दशकातला होता. त्यावर बंदुकीचा नंबर होता, तो चापाच्या कडीवरच्या नंबराशी जुळला, आणि खाली पुण्याच्या लष्कर (कॅम्प) भागातल्या एका विक्रेत्याकडून खरेदी केल्याची नोंद होती.

“म्हणजे विकत घेतली,” आबा हळूच म्हणाले. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, “अशी बंदूक तेव्हा केवढ्याला पडली असेल हो?”

जोडी फुटलेली, दस्ता चिरलेला आणि माप डावखुऱ्याचे, म्हणून नव्या पर्डीच्या मानाने पुष्कळच स्वस्त, पण शेतकरी माणसासाठी तरीही भारी, एवढेच मी सांगू शकलो. आजोबांनी पदरचे पैसे घालून दुसऱ्याच्या मापाची बंदूक घेतली, ती आपल्या खांद्याला बसवून घेतली, आणि 1972 च्या कायद्याने शिकारीवर कडक निर्बंध आल्यानंतर आबांच्या वडिलांनी तीच पीक संरक्षणाच्या परवान्यावर सांभाळली. हा इतिहास मला महाराजांच्या गोष्टीपेक्षा मोलाचा वाटतो आणि मी तो आबांना तसाच बोलून दाखवला.

आबांच्या संमतीने मी लंडनला पत्र लिहिले. कंपनीच्या वह्यांतून उत्तर आले, की 1890 नंतरच्या दशकात एका लष्करी अधिकाऱ्यासाठी बनवलेल्या जोडीतली ही दुसरी बंदूक आहे आणि दस्ता डाव्या खांद्याच्या मापाचा नोंदवलेला आहे. दाखल्यात मी तो अधिकारी, लष्कर भागातला विक्रेता आणि आबांच्या घरातल्या तीन पिढ्या अशी नोंद केली. अधिकारी आणि विक्रेता यांच्यामधल्या वर्षांपुढे ‘पुरावा उपलब्ध नाही’ असे लिहिले. संग्राहकाने आपली किंमत मागे घेतली. आबांनी रायफल ठेवली, पर्डीही ठेवली आणि बर्मिंगहॅमची दुनळी आमच्याकडे जमा केली.

पेटीत दाखला ठेवताना मी झाकणाच्या आत एक चिठ्ठी लावायला पुतण्याला सांगितले, कारण पुढेमागे परवाना त्याच्या नावावर होईल. या बंदुकीचे काडतूसघर अडीच इंची, म्हणजे 65 मिलिमीटरचे आहे. 70 मिलिमीटरचे काडतूस त्यात अगदी सहज बसते, पण उडताना त्याचे दुमडलेले तोंड उलगडायला पुढे जागा मिळत नाही आणि नळीतला दाब धोक्याच्या पातळीपर्यंत वाढतो. पुतण्याने ती चिठ्ठी माझ्यासमोर मराठीत लिहिली, आकड्यांखाली लाल रेघ ओढली आणि मग खाली बंदुकीचा नंबर घातला.