मालिका बंद पडली? आधी हक्क कुणाकडं ते बघा

आवडती विज्ञान मालिका बंद झाली की लातूर-नांदेडच्या ग्रुपवर रात्रभर शिव्यांचा पाऊस. त्यानं काही हलत नाही. 2007 मध्ये 'जेरिको' ही अमेरिकी मालिका बंद झाल्यावर चाहत्यांनी ती दाखवणाऱ्या सीबीएस चॅनलला सुमारे 20 टन शेंगदाणे धाडले. शेवटच्या भागात शरण या म्हणणाऱ्या शत्रूला नायक 'नट्स!' असं ठणकावतो, त्याची ती आठवण. (आपल्याकडं एवढ्यात गावभर चटणी कुटली असती.) चॅनल नमलं, पण 7 भागांपुरतंच. प्रेक्षक काही वाढले नाहीत. 2018 मध्ये 'द एक्स्पान्स' या मालिकेचं जमलं, कारण ती बंद करणाऱ्या सायफाय चॅनलकडं अमेरिकेतल्या पहिल्या प्रक्षेपणाचेच हक्क होते; दुसऱ्या कुणाला ती उचलायला वाट मोकळी होती. चाहत्यांनी नेमकं ॲमेझॉनच्या स्टुडिओवरून विमानानं बॅनर फिरवला. ॲमेझॉननं मालिका घेतली, आणखी 3 सीझन आले. टेलिग्रामवरून उतरवलेली कॉपी मात्र प्रेक्षकसंख्येत धरतच नाहीत.