वरचा रंग, खालचा पत्रा

मे महिन्यातली दुपार, पारा 45च्या पुढे. नागपुरातल्या मानकापूरच्या माझ्या वर्कशॉपमध्ये एकामागोमाग दोन गाड्या आल्या. पहिली 1984ची निळी प्रीमियर पद्मिनी, धरमपेठेतल्या एका निवृत्त मास्तरांची. बोनेटवर बोट फिरवलं की खडूसारखी पूड हाताला लागायची. दुसरी एका तरुणाची, नऊ वर्षांची लाल एसयूव्ही. दारं आरशासारखी, पण छपरावर नि बोनेटवर पांढरे चट्टे, कडेनं पापुद्रे सुटलेले. दोघांनाही पॉलिशच हवं होतं.

मास्तरकाकांच्या बोनेटवर कंपाउंड, म्हणजे घासायची पेस्ट, लावून घासलं, तर पांढरं कापड निळं झालं. जुन्या रंगाची हीच ओळख. वर पारदर्शक थर नाही, जे आहे तो रंगच. उन्हानं वरचं रेझिन, म्हणजे रंग धरून ठेवणारा चिकट भाग, झिजतं, रंगद्रव्य मोकळं होऊन भुकटी होते. तेवढं काढलं की खाली चांगला रंग शिल्लक असतो. तासाभरात बोनेटमध्ये शेडचे पत्रे दिसू लागले. पंचवीस वर्षं हेच करतोय, तरी अशा वेळी हात थांबतो आणि मी बघत राहतो.

तो तरुण बघतच होता. "काहून जी, चाळीस वर्षांची गाडी चमकून राहिली अन् माझी नऊ वर्षांतच साल सोडून राहिली?"

मी रंगाची जाडी मोजायचा मीटर लावला. दारावर 112 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), छपरावर 78. नव्या गाडीत खरा रंग अगदी पातळ, त्यावर साधारण 40-50 मायक्रॉनचं क्लिअर, म्हणजे पारदर्शक थर. अतिनील किरण अडवायचं काम त्या क्लिअरचं. हा गडी दर दिवाळीला मशीन पॉलिश मारून घ्यायचा, आणि प्रत्येक वेळी क्लिअर थोडं खरवडलं जायचं. छप्पर-बोनेटवर ऊन थेट पडतं, म्हणून तिथं आधी सुटलं. सुटलेलं क्लिअर पॉलिशनं परत बसत नाही. घासून नव्यानंच रंगवावं लागतं. त्याचा चेहरा पडला. मलाही वाईट वाटलं.

मग काकांच्या गाडीतलं पायाखालचं मॅट उचललं. ओल धरून होतं. पत्र्याला स्क्रू-ड्रायव्हर टेकवला, तर सरळ आरपार! एसयूव्ही जॅकवर घेऊन खालून पाहिली. गंजाचा ठिपका नाही. आता अख्खा सांगाडा प्रायमरच्या, म्हणजे गंज रोखणाऱ्या पहिल्या थराच्या, टाकीत बुडवून विजेच्या प्रवाहानं थर चढवतात, तो दाराच्या पोकळीतही पोचतो. बऱ्याच पत्र्यांना जस्ताचा मुलामाही असतो. माझ्या लेखी नव्या रंगकामाची खरी कमाई हीच, आणि ती गिऱ्हाइकाला कधी दिसत नाही.

पोराला म्हटलं, "छप्पर नि बोनेट तेवढं करू. बाकीच्या गाडीला मशीन लावू नको, नुसती धुत जा."

काका वाकून त्या भोकातून खालची जमीन पाहत होते. म्हणाले, "पॉलिश राहू दे बापा, आधी हे खालचं कर."